स्वार्म की के३एस: तीन मशीन आणि तीन माणसं असतील तर

कंटेनर म्हणजे काय आणि क्लस्टर कशाला लागतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. एका मशीनवर डॉकर कंपोझ व्यवस्थित चाललंय, आता दुसरी-तिसरी मशीन घ्यायची वेळ आलीय आणि पुढे काय घ्यावं यावरून ऑफिसात दोन तट पडलेत, अशांसाठी हे लिहितोय. आमच्याकडे तसंच झालं होतं.

आम्ही तिघं जण कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर चालवतो. सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात काट्यावर दूध चढतं, फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) मोजलं जातं, शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. दुपारभर सर्व्हरला जवळपास काहीच काम नसतं. आमचा निर्णय शेवटी या रिकाम्या दुपारीवरूनच झाला.

आधी दोन वर्षं डॉकर स्वार्म (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारं डॉकरचंच साधन) चालवलं, नंतर के३एसवर गेलो आणि अजून तिथेच आहोत. के३एस म्हणजे कुबरनेटिसच (हेही कंटेनरांचे क्लस्टर सांभाळणारं साधन), एकाच बायनरीत बसवलेलं.

सुरुवातीला स्वार्म का घेतलं, तर ते घरातच होतं. २०१६ साली डॉकर इंजिनच्या १.१२ आवृत्तीपासून ते इंजिनमध्येच येतं. एका मशीनवर एक कमांड, बाकी दोन मशीनवर टोकन टाकून एकेक कमांड, की क्लस्टर उभा. कंपोझची फाइल थोडी हात फिरवून तशीच चालते. सकाळी सुरू केलेलं काम जेवायच्या सुट्टीआधी संपलं होतं. के३एसमध्ये त्याच एका सेवेसाठी कंटेनर चालवायला डिप्लॉयमेंट वेगळं, आतल्या पत्त्यासाठी सर्व्हिस वेगळी, बाहेरून वाट द्यायला इन्ग्रेस वेगळा. आमची पंधरा ओळींची सेवा ऐंशी ओळींची झाली. या बाबतीत स्वार्मशी बरोबरी होत नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

आता मुख्य मुद्दा. स्वार्मवर चार महिने सुखाचे गेले आणि मग संध्याकाळी पाचच्या सुमारास फोन यायला लागले. "साहेब, पावती निघंना झालीया." आम्ही बघेपर्यंत सगळं सुरळीत. पहिल्या आठ-दहा शेतकऱ्यांच्या पावत्या अडकायच्या, अकराव्यापासून काहीच झालं नाही अशी गाडी चालू. सकाळी मात्र कधी तक्रार नाही. आम्ही आधी केंद्रावरच्या नेटवर संशय घेतला, मग प्रिंटरवर. स्वार्मला विचारलं तर प्रत्येक सेवेपुढे 'एकपैकी एक चालू'. लॉगमध्ये फक्त 'कनेक्शन रीसेट बाय पीअर', तेही आमच्याच ॲपच्या.

कारण सापडायला तीन आठवडे लागले. स्वार्ममध्ये एक सेवा दुसरीला हाक मारते तेव्हा मध्ये एक आभासी पत्ता असतो, व्हीआयपी. त्या पत्त्यामागची वाटणी लिनक्स कर्नलमधलं आयपीव्हीएस करतं. टीसीपी कनेक्शनवर ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं काही हालचाल झाली नाही, की आयपीव्हीएस ते कनेक्शन विसरून जातं. दोन्ही टोकांना पत्ताच नसतो. ॲपला वाटतं डेटाबेस जोडलेला आहे, डेटाबेसला वाटतं ॲप जोडलेलं आहे. लिनक्सची स्वतःची कीपअलाइव्हची (कनेक्शन जिवंत आहे का, याची) विचारपूस ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी सुरू होते, आणि जावामधून पोस्टग्रेस डेटाबेसला जोडणारा ड्रायव्हर तर ती मुळात बंदच ठेवून येतो. आमच्या कनेक्शन पूलमध्ये (डेटाबेसशी आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात) दहा कनेक्शनं होती आणि हाती देण्याआधी ती जिवंत आहेत का हे तो तपासत नव्हता. दुपारभरात दहाही मेलेली. संध्याकाळी पाचला एकेक बाहेर निघायचं, एकेक शेतकरी अडकायचा आणि दहा संपली की नवी जोडली जायची. सकाळी त्रास नव्हता, कारण पहाटे बॅकअपनंतर आम्ही ॲप नव्याने सुरू करायचो. त्याच्याकडे जुनं कनेक्शन नसायचंच.

पूल आमचा होता, ती चूक आमची. उपायही एका ओळीचा: डेटाबेसच्या सेवेचा एंडपॉइंट मोड व्हीआयपीवरून डीएनएसआरआर (नावावरून थेट कंटेनरचा पत्ता देणारा) केला. मधला पत्ता गेला, फोन थांबले.

तरी स्वार्म सोडलं. कारण तो ९०० आकडा डोळ्यांनी बघण्यासाठी आम्हाला डॉकरने आत दडवलेल्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (वेगळ्या काढलेल्या नेटवर्कच्या कप्प्यात) एनएसएंटर या कमांडने शिरावं लागलं आणि तिथे आयपीव्हीएसची आयपीव्हीएसएडीएम ही कमांड चालवावी लागली. समोर आलं '९०० १२० ३००', त्यातला पहिला आकडा टीसीपीचा. इतक्या खोलवर उतरल्याशिवाय ही गोष्ट दिसत नाही, हे मला फार लागलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका सेवेत तीच गत झाली. तिचा पोर्ट स्वार्मच्या इनग्रेस नेटवर्कवर (बाहेरून येणारी वाहतूक घेणाऱ्या) बाहेर उघडलेला होता आणि अशा सेवेला डीएनएसआरआर चालत नाही. तिथे कीपअलाइव्हचे आकडे बदलले. म्हणजे एकाच दुखण्याला दोन सेवांत दोन औषधं, आणि कुठे कुठलं लावलंय हे तिघांच्या डोक्यात.

के३एसमध्ये क्यूब-प्रॉक्सी (सेवांकडची वाहतूक वाटणारा भाग) आपणहून लिनक्सचं आयपीटेबल्स वापरतं आणि स्थिर कनेक्शनची नोंद २४ तास ठेवतं. आमची रिकामी दुपार त्यात आरामात बसते. मात्र क्यूब-प्रॉक्सीला मुद्दाम आयपीव्हीएस मोड लावलात, तर हेच दुखणं इथेही भेटू शकतं. तेव्हा स्वार्म वाईट आणि कुबरनेटिस चांगलं, असं सरसकट म्हणणार नाही. माझा अनुभव एवढाच, की इथे अडलं तर कुठे बघायचं ते कळतं. पॉडवर (कंटेनर ज्यात चालतो त्या एककावर) डिस्क्राइब चालवलं की काय झालं त्याचा क्रम समोर येतो. 'सुरू झालंय पण अजून ग्राहक घेऊ नका' आणि 'अडकलंय, मारून परत उठवा' या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. स्वार्ममध्ये दोन्ही कामं एकाच हेल्थचेकवर पडतात, आणि सावकाश उठणाऱ्या जावा ॲपला ते जड जातं.

दुसरं एक सुख अनपेक्षित होतं. आमच्याकडे दुधाची बिलं दर दहा दिवसांनी निघतात. स्वार्मला वेळापत्रकाचं काम येत नाही, म्हणून ते एका मशीनच्या क्रॉनटॅबमध्ये (लिनक्सच्या वेळापत्रकात) होतं. एकदा नेमकी तीच मशीन रात्री बंद पडली आणि बिलं निघाली नाहीत. आता ते कुबरनेटिसच्या क्रॉनजॉबमध्ये आहे, कुठल्याही मशीनवर चालतं. कुबरनेटिस १.२७ पासून त्यात टाइमझोनही पक्का लिहिता येतो. एशिया/कोलकाता लिहिलं की साडेपाच तासांची वजाबाकी करत बसावी लागत नाही.

याची किंमत आहेच. कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला साधारण चौदा महिने आधार मिळतो. नुसतं बसवलं आणि विसरलं, हे चालत नाही. १.२२ मध्ये इन्ग्रेसची जुनी एपीआय काढून टाकली तेव्हा कितीतरी जणांच्या जुन्या फाइली चालेनाशा झाल्या. आम्ही वर्षातून दोन रविवार अपग्रेडला बाजूला ठेवतो. मेमरीही जास्त लागते, सर्व्हर नोडला (क्लस्टर सांभाळणाऱ्या मशीनला) दोन जीबी तरी हवीच. एक जीबीच्या मशीनवर स्वार्म निवांत बसतं.

नोमॅड हे तसंच तिसरं साधनही पाहिलं. नीटनेटकं आहे, कंटेनर नसलेली कामंही चालवतं. २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलून बीएसएल (बिझनेस सोर्स लायसन्स) झाला. आमच्यासारख्या वापराला त्याची आडकाठी नव्हती, पण नोमॅड येणारा चौथा माणूस कोल्हापुरात मिळेल का, या प्रश्नावर थांबलो. क्लाउडवरचं तयार कुबरनेटिस हवं असेल आणि मशीनं सांभाळायची नसतील, तर जरूर घ्या. फक्त ॲमेझॉनच्या ईकेएसमध्ये (त्यांच्या तयार कुबरनेटिसमध्ये) कंट्रोल प्लेनचे, म्हणजे क्लस्टर चालवणाऱ्या भागाचे, तासाला ०.१० डॉलर पडतात आणि आवृत्ती जुनी होऊन वाढीव आधारात गेली की तेच ०.६० होतात, हे आधी हिशोबात धरा.

मशीन दोनच असतील, सेवा चार-पाच असतील, दिवसभर एकसारखी वर्दळ असेल आणि अपग्रेडला रविवार द्यायची तयारी नसेल, तर स्वार्मवर राहिलात तरी मी तुम्हाला अडवणार नाही. २०१९ मध्ये डॉकरचा एंटरप्राइझ व्यवसाय मिरँटिसकडे गेला तेव्हापासून स्वार्म संपल्याचं ऐकतोय, पण ते चालू आहे. वर्दळ आमच्यासारखी येऊन-जाऊन असेल, रात्री फोन उचलणारे एक-दोघंच असतील, तर माझा हात के३एसकडे जातो.

आणि स्वार्मवरच राहणार असाल तर आज संध्याकाळच्या आत स्टॅक फाइल (स्वार्मला दिलेली कंपोझची फाइल) उघडा आणि डेटाबेसच्या सेवेखाली एंडपॉइंट मोड काय लिहिलाय ते बघा. काहीच लिहिलेलं नसेल, तर तो व्हीआयपी आहे.