स्कझी ते मोडेम: वेगाच्या कन्व्हर्टरसोबत आठ महिने

गेले आठ महिने माहिती जाण्याचा वेग एका मापातून दुसऱ्या मापात बदलून देणारा हा कन्व्हर्टर आठवड्यातून तीन-चारदा तरी उघडतोय. नाव घेत नाही, कारण असे पाच-सहा आहेत आणि आतली यादी बहुतेक सारखीच. वर बिट, बाइट, किलोबिट, मेगाबाइट. खाली उतरत गेलं की स्कझीचे (जुन्या मॅकला डिस्क जोडायची पद्धत) प्रकार, आयडीईचे (डिस्क जोडायची दुसरी पद्धत) पीआयओ मोड, म्हणजे तिच्या वेगाच्या पायऱ्या, आणि तळाला फोनच्या तारेवरून माहिती पाठवणारे मोडेम, सेकंदाला ११० बिटांपासून ५६के, म्हणजे ५६ हजारांपर्यंत. फुकट आहे, मोबाइलवर नीट दिसतो, गुणाकार-भागाकार चुकत नाही. तरी पहिल्याच महिन्यात त्याच्या भरवशावर तोंडावर पडलो.

आमचं नव्वदच्या दशकात पुण्यात डीटीपी (संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम) होतं, मॅकवर. त्या वेळच्या डिस्क अजून कपाटात आहेत. आता ओळखीचे छापखानेवालेही आपापल्या डिस्क आणून देतात, ‘यातले दिवाळी अंक निघतात का बघा’ म्हणून. एक गृहस्थ ४० एमबीची डिस्क घेऊन आले. मी कन्व्हर्टरमध्ये ‘स्कझी (सिंक)’ निवडलं. उत्तर: सेकंदाला ५ एमबी, म्हणजे ४० मेगाबिट. आठ सेकंदांचं काम! ‘उभ्याउभ्याच घेऊन जा,’ म्हणालो. शेवटी खुर्ची द्यावी लागली, चहाही सांगावा लागला. वाचायलाच अडीच मिनिटं गेली, आणि न वाचता आलेल्या सेक्टरांनी पुढचा अर्धा तास खाल्ला.

चूक आकड्यात नव्हती. पहिल्या स्कझीत एका वेळी आठ बिट जातात आणि सिंक, म्हणजे ठरलेल्या ठोक्यावर पाठवायच्या पद्धतीत सेकंदाला जास्तीत जास्त ५० लाख वेळा जातात. पण हा झाला रस्त्याचा वेग. त्या काळातल्या डिस्कची चकती आणि डोकं तेवढा माल देतच नव्हते. त्यातून मॅक जुना असेल तर प्रोसेसरलाच एकेक बाइट उचलून ठेवावा लागे. आयडीईचंही तेच. पीआयओ मोड ० म्हणजे ३.३ एमबी, मोड ४ म्हणजे १६ च्या वर, पण हे सगळे केबलचे आकडे, डिस्कचे नव्हेत. कन्व्हर्टरच्या पानावर याबद्दल एक ओळही नाही. ‘कमाल’ एवढा एक शब्द घातला असता तरी पुरलं असतं.

मोडेमच्या रांगेत गोष्ट उलटी. तिथले आकडे तारेवरच्या बिटांचे आहेत, आणि बाइट काढायला कन्व्हर्टर डोळे मिटून आठाने भागतो. सगळ्यात गमतीचा नमुना ११० चा. तो म्हणतो सेकंदाला १३.७५ बाइट. ज्या टेलिटाइप मॉडेल ३३ या तारेवरच्या टाइपरायटरमुळे हा वेग सगळ्यांना माहीत झाला, ते यंत्र सेकंदाला बरोबर दहा अक्षरं छापायचं. कारण प्रत्येक अक्षरामागे आठ बिट, शिवाय सुरुवातीचा एक आणि शेवटचे दोन, असे अकरा बिट जायचे. पुढच्या मोडेमांत शेवटचा बिट एकच राहिला, म्हणून दहाने भागायचं. व्ही.४२ या मोडेमच्या मानकातली चूकदुरुस्ती चालू असेल तर मोडेम हे जादा बिट वाटेत काढून टाकतो आणि हिशेब पुन्हा आठाच्या जवळ येतो. म्हणजे एकाच १४.४ च्या (सेकंदाला १४,४०० बिटांच्या) मोडेमची दोन उत्तरं. आम्ही मुखपृष्ठाची ६ एमबीची फाइल रात्री अकरानंतर, एसटीडी पाव दराने सुरू झाली की मुंबईला पाठवायचो. आठाने भागलं तर साडेपंचावन्न मिनिटं, दहाने भागलं तर साडेएकोणसत्तर. ही चौदा मिनिटं फोनच्या बिलात दिसायची.

५६के ची तर एकच नोंद आहे. व्ही.९० या ५६के च्या मानकात तो वेग फक्त आपल्याकडे येणाऱ्या माहितीला असतो. आपण पाठवायला बसलो की ३३.६. फाइल पाठवणाऱ्या डीटीपीवाल्याला यातलं दुसरंच कामाचं.

किलो म्हणजे १००० की १०२४ हा घोळ मात्र त्याने चांगला सांभाळलाय, दोन्ही मापं वेगळी दिली आहेत. फ्लॉपीला त्याचाही उपयोग नाही, कारण तिच्या १.४४ एमबीत दोन्हींची खिचडी आहे: १४४० गुणिले १०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट. हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही.

आता मी त्याच्याशेजारी कागद ठेवतो. स्कझीचं उत्तर आलं की पहिल्या मिनिटात खरोखर किती एमबी निघाले ते मोजायचं आणि मगच माणसाला वेळ सांगायची. मोडेमला दहाने भागायचं. एवढं केलं की कन्व्हर्टर चांगला सोबती आहे, विशेषतः एमबी आणि मेगाबिट यांत माझ्यासारखी गल्लत होत असेल तर.

बाकी वापर निव्वळ हौसेचा. तेव्हा मोठं काम असलं की मोडेमच्या नादी न लागता ४४ एमबीचं सायक्वेस्ट कार्ट्रिज (काढता-घालता येणारी डिस्क) पिशवीत टाकून सकाळची डेक्कन क्वीन पकडायचो. परवा तो प्रवास सव्वातीन तासांचा धरून आकडे घातले. सेकंदाला ३० हजार बिट! आमच्या १४.४ च्या दुप्पट, आणि नंतर आलेल्या २८.८ लाही भारी. ८८ एमबीचं कार्ट्रिज घातलं तर ६० हजारांच्या वर, म्हणजे ५६केही मागे. फक्त या यादीत डेक्कन क्वीन नाही, तेव्हा बिट प्रति सेकंदच्या खान्यात हातानेच भरावं लागतं.