रक्ताभिसरणाचं डिजिटल कॉमिक आणि निळी पडलेली नायिका

रक्ताभिसरण शिकवताना माझी गाडी दरवर्षी एकाच ठिकाणी अडते. हृदयाचे चार कप्पे मुलं घडाघडा सांगतात. पण एका फेरीत रक्त हृदयातून दोनदा का जातं, असं विचारलं की सगळा वर्ग छताकडे बघतो. यंदा हा भाग एका डिजिटल कॉमिकवरून घेतला.

नायिका आहे एक तांबडी पेशी. फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन निघते, पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवते आणि दमून हृदयाच्या उजव्या बाजूला परत येते. तिला थेट डावीकडे घुसायचं असतं. झडपेवरचा पहारेकरी अडवतो, "रिकाम्या हाताने कुठे? आधी फुप्फुसात जा!" या एका संवादाने माझी अडलेली गाडी सुटली.

सगळ्यात भारी पान केशवाहिनीचं, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीचं. चौकटी अरुंद होत जातात आणि आपली नायिका अंग दुमडून त्यातून सरकते. पेशीचा व्यास साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर, काही केशवाहिन्या त्याहून अरुंद. हे फळ्यावर लिहून कुणाच्या लक्षात राहतं? व्हिडिओ पुढे पळतो, इथे मुलं थांबली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, म्हणून हिच्यात केंद्रक नसतं का?" म्हटलं, अर्धं उत्तर तूच दिलंस, त्या जागेत हिमोग्लोबिनही जास्त मावतं.

आता तक्रार. ऑक्सिजन दिल्यावर नायिका चक्क निळी पडते. पुस्तकातल्या आकृतीतही शिरा निळ्याच रंगवतात, पण इथे लाडकं पात्रच रंग बदलतं, त्यामुळे ते डोक्यात पक्कं बसतं. पुढच्या चाचणीत पाच जणांनी 'शिरांतलं रक्त निळं असतं' असं ठोकून दिलं. ते गडद लाल असतं; त्वचेतून शीर निळसर दिसते, एवढंच. कोपऱ्यात एक टीप टाकायला काय हरकत होती?

बाकी बारीकसारीक: मोबाइल उभा धरला तर अक्षरं मुंगीएवढी, आणि कॉमिकमागे वाजणारी हृदयाची धडधड बंदच करता येत नाही. तीस मोबाइल एकदम धडधडले की शेजारच्या वर्गातून निरोप येतो!

संवादांचे फुगे रिकामे करायची सोय मात्र झकास. एकाने झडपेच्या तोंडी लिहिलं, "मागे वळू नका, दार एकाच बाजूला उघडतं." पुढच्या वर्षीही हेच कॉमिक घेणार. फक्त निळी चौकट सुरुवातीलाच दाखवून सांगणार, चूक शोधा.