नियम १४, नियम २२ आणि गल्लीतलं पाणी: आठ महिने वापरून

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी फोन किंचाळला. 'संशयास्पद जमाव. गल्ली २. व्यक्ती ७. खात्री ०.८२.' खाली लाल पट्टी: 'रक्षकाला पाठवायचे? ११२ ला कळवायचे?' चष्मा शोधला, फोटो मोठा केला. जमावाच्या मधोमध गाऊनवर टॉवेल टाकून, एका हातात बादली धरून आमची ही उभी होती.

पाणी सुटलं होतं. एवढंच.

कॉलनीच्या सुरक्षेसाठी ही जी यंत्रणा घेतली तिला आता आठ महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून चालू आहे आणि मिटलं तर उगाच बदनामी नको. कॅमेरे किती, रेकॉर्डिंग किती दिवसांचं, हे माहितीपत्रकात आहे, ते इथं उगाळत नाही. सोलापुरात विजापूर रोडकडची आमची कॉलनी, ६४ घरं, मी खजिनदार. त्याआधी सगळी नोकरी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. त्यामुळे पुढं पैशाची कुरकुर जास्त दिसेल, ती माझ्या सवयीची आहे.

घेतली ती स्वस्त म्हणून. घरटी महिना ४५ रुपये, म्हणजे वर्षाला ३४,५६०, वर जीएसटी. दुसऱ्या दोन कंपन्या 'सगळं एआय करतो' म्हणत होत्या आणि तिप्पट मागत होत्या. ही वेगळी. हिचा कॅमेरा फक्त मोजतो: माणसं सात, गाडी एक, उभी आहे की चालते आहे. त्याचा अर्थ लावतात ते लिहून ठेवलेले नियम, 'जर असं असेल तर तसं समज' या जातीचे. रहिवासी फोनवरून कळवतात, वॉचमन बटण दाबतो, गेटचा सेन्सर सांगतो, शेजारच्या दोन कॉलन्याही त्यांच्याकडचं कळवतात, आणि मधोमध बसलेलं एक जुनं कॉम्प्युटर नियम लावून निष्कर्ष काढतं. चित्र कॉलनीबाहेर जात नाही, फक्त 'अमुक ठिकाणी अमुक दिसलं' एवढं वाक्य जातं. हे मला पटलं होतं.

आणि 'का?' नावाचं बटण. पैसे त्याचेच दिले म्हणा. कुठल्याही इशाऱ्याखाली ते दाबलं की यंत्रणा आपला हिशेब उघडून दाखवते. त्या रात्री मी दाबलं.

नियम १४: रात्री १ ते ४, उघड्यावर पाचपेक्षा जास्त माणसं, दहा मिनिटांहून जास्त वेळ. जमाव, खात्री ०.६.
नियम २२: हातात लांबट वस्तू. धोका, खात्री ०.५५.

लांबट वस्तू म्हणजे पाण्याचा पाइप! दोन्ही मिळून ०.८२ कसे, ते मी वहीच्या पाठीवर मांडून बघितलं. पहिल्या नियमानंतर शंकेला ०.४ जागा उरते, त्यातला ०.५५ हिस्सा दुसरा नियम खातो, म्हणजे ०.२२. सहा दशांश अधिक बावीस शतांश. हिशेब पैपैला जुळला. पुढं चौकशीत कळलं की ही बेरीज आणि हे 'का?' विचारणं दोन्ही जुनं आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला 'मायसिन' नावाची प्रणाली केली होती, रक्तातला जंतुसंसर्ग ओळखून औषध सुचवणारी. डॉक्टर तिला 'का विचारतेस?' असं विचारू शकायचा आणि ती नियम दाखवायची. डॉक्टरांच्या रोजच्या वापरात ती कधी आलीच नाही. आमच्या गल्ली नंबर दोनच्या वापरात मात्र आली.

सकाळी कस्टमर केअरला फोन. मुलगा नम्र होता. "सर, तुमच्या एरियात लोक रात्री तीनला बाहेर का असतात?"

"पाणी येतं म्हणून."

"रोज?"

"रोज आलं असतं तर तीनला कशाला उठलो असतो, बाबा?"

पलीकडं शांतता. उजनी धरणात पाणी असलं तरी आमच्या नळाला ते चार-पाच दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा वेळ विचारून येत नाही. हे सोलापुरात पोरालाही माहीत असतं. नियम लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, कारण त्याच्या फ्लॅटमध्ये टाकीचं पाणी. तिकीट नोंदवलं गेलं. आठवड्यानं उत्तर आलं: करारात वर्षाला चार नियम-बदल मोफत, ते बसवतानाच संपलेत, पुढं प्रत्येक बदलाला १,५०० रुपये अधिक जीएसटी. म्हणजे १,७७०.

मी हे पत्र तीनदा वाचलं. माहिती आमची. रात्री तीनला उठतो आम्ही. ते त्यांच्या यंत्रणेत घालायचे पैसे पण आम्हीच द्यायचे? मालक, ही कुठली रीत! तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर एक तारा दिला असता, तोही 'का?' बटणाला.

दोन महिने पाण्याच्या प्रत्येक पाळीला फोन किंचाळला. वॉचमननं इशारे बघणंच सोडलं, आणि हे जास्त वाईट. मेहुणे उत्तर कसब्यात राहतात, तेही हीच यंत्रणा घेणार होते. मी त्यांना थांबवलं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधी तिकडं रात्री नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचा सराव चालतो. नियम २२ नं त्या काठ्या पाहिल्या असत्या तर खात्री किती दाखवली असती कोण जाणे.

ऑक्टोबरात भांडून भांडून नियम लिहायचा फॉर्म मिळाला, मोफत. मग तीन संध्याकाळी कॉलनीच्या ऑफिसात बसलो: मी, वॉचमन, दूधवाला आणि समोरच्या अक्का. पहिला प्रश्न, पाणी सुटलं हे यंत्रणेला कळणार कसं? वेळापत्रक घालून उपयोग नाही, ते पाळलं जात नाही. अक्का म्हणाल्या, "नळ आधी शू-शू करतो की. मला ऐकू येतं. मी सांगते." त्यांची झोप नवरा यंत्रमागावर रात्रपाळी करायचा तेव्हापासून सावध आहे. ठरलं: अक्का फोनवर 'पाणी सुटलं' दाबणार, आणि तिथून तीन तास त्या गल्लीपुरते नियम १४ आणि २२ गप्प.

ह्याला शास्त्रात नाव आहे. एरवी हे खरं धर, अपवाद कळला तर मागं घे. रेमंड रायटर या संशोधकानं १९८० मध्ये त्याचं तर्कशास्त्र मांडलं. त्यातलं नेहमीचं उदाहरण पक्ष्याचं: पक्षी म्हटलं की उडतो असं समजायचं, तो पेंग्विन निघाला की ते समजणं सोडायचं. आमच्याकडं जमाव म्हटलं की संशय, हातात बादली निघाली की सोडायचा.

पुढच्या नऊ पाळ्यांत एकही खोटा इशारा नाही. मी मनातल्या मनात चार तारे केले. वर एक भलतंच झालं. 'पाणी सुटलं' हे बटण इतकं चाललं की मागच्या कॉलनीनंही मागून घेतलं. आमच्याकडं निम्म्या लोकांना हे ॲप पाण्याचंच वाटतं. एका वहिनींनी विचारलं, "भाऊजी, त्या पाण्याच्या ॲपमध्ये चोरांचं पण येतं म्हणे?"

नोव्हेंबरात चोरांचं आलं नाही, तिथं मी उताणा पडलो. पाण्याची रात्र, गल्लीत वर्दळ, आणि टोकाच्या बंद घरातून पाण्याची मोटर गेली. (ती मोटर थेट नळाला लावलेली होती का, हा प्रश्न सभेत कुणी विचारला नाही. मीही नाही.) रेकॉर्डिंगमध्ये दोघं जण पाइपासकट ती उचलून नेताना स्वच्छ दिसतात. यंत्रणा गप्प. 'का?' दाबलं. उत्तर आलं: 'नियम ३१ मुळे नियम १४ व २२ लागू नाहीत.' नियम ३१ मी लिहिला होता. माझ्या नावानिशी.

कारखान्यात नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाची पंचकार्डं असायची. भोक असेल तर धागा उचल, नसेल तर सोड. एक भोक चुकलं तर एक चादर बिघडत नाही, त्या नक्ष्याच्या सगळ्या चादरी त्याच जागी बिघडतात, आणि मागाचा त्यात काही दोष नसतो. कार्ड पाडणाऱ्याला शोधतात. इथं कार्ड मीच पाडलेलं.

दुरुस्ती सोपी निघाली. गावाला जाणाऱ्यानं 'घर बंद' अशी नोंद करायची. बंद घराच्या आवारात माणूस दिसला की इशारा, पाणी असो नसो, आणि हा नियम बाकी सगळ्यांच्या वरचा. कंपनीनं ह्या बदलाचे १,७७० लावले. मी भरले नाहीत.

गेटच्या रजिस्टरचंही सांगून टाकतो. नोंद नाही म्हणजे माणूस आलाच नाही, असं यंत्रणा समजते. वॉचमन चहाला गेला की आलेला प्रत्येक भाचा 'अनोळखी'. चहाची वेळ बदलली, विषय संपला.

फेब्रुवारीत मात्र तिनं मला चकित केलं. संध्याकाळी मागच्या कॉलनीतून एकानं कळवलं, ट्रान्सफॉर्मरजवळ करपल्याचा वास येतोय. आमच्यातल्या एका घरातून 'लाइट कमी-जास्त होतेय' असं गेलं, आणि वॉचमनला चर्रचर्र आवाज आला. तिघांना एकमेकांची खबर नाही. एकटी कुठलीच गोष्ट मोठी नव्हती, प्रत्येकीला खात्री ०.४. पण तिन्ही जोडून यंत्रणेनं ०.७८४ काढले, ०.७५ ची रेघ ओलांडली आणि तिन्ही कॉलन्यांत एकदम इशारा गेला: खांबाखालच्या भाजीच्या गाड्या हलवा, वीज कंपनीला कळवा. वायरमन आला, वर बघून म्हणाला, "अजून तासभर थांबला असता तर दिवाळीच होती." खरंच सांगतो, त्या दिवशी ४५ रुपये वसूल झाले.

आणि मार्चमध्ये त्याच बेरजेनं घाम फोडला. दुपारी एक अनोळखी माणूस झोळी घेऊन घरोघरी मागत फिरत होता. तिघांनी कळवलं: 'मुलं पळवणारा'. पुन्हा ०.४, ०.६४, ०.७८४. सायरन. दहा मिनिटांत वीस माणसं गोळा. मी पळत पळत गेलो आणि जाता जाता 'का?' दाबलं. तिन्ही तक्रारींना एकच फोटो जोडलेला, व्हॉट्सॲपवरून आलेला, आणि त्यातला माणूस हा नव्हताच. ट्रान्सफॉर्मरला तिघांनी आपापल्या नाका-डोळ्या-कानांनी कळवलं होतं. इथं एकच अफवा तीन दारांनी आत आली, आणि यंत्रणेनं ती तीन साक्षीदार म्हणून मोजली.

वॉचमननं त्या माणसाला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, फोटो सगळ्यांना दाखवला. तो मंगळवेढ्याकडचा निघाला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, ते भिक्षेकरी होते, त्यातले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. जमलेल्या वीस जणांतल्या बऱ्याच जणांना ते आठवत होतं, म्हणून आवाज खाली आले. यंत्रणेला आठवत नव्हतं. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हापासून माझी एकच मागणी आहे: एकाच फोटोच्या किंवा एकाच फॉरवर्डच्या तक्रारी एक म्हणून मोजा, आणि माणसाबद्दलच्या इशाऱ्याला सायरन नको, आधी वॉचमन जाऊन बघेल. दुसरं आम्ही स्वतःच फॉर्ममधून करून टाकलं. पहिलं आमच्या हातात नाही, ते त्यांच्या इंजिनातलं आहे. कंपनीचं उत्तर: 'पुढील आवृत्तीत विचार करू.' किंमत मात्र आत्ताच कळवली आहे. १,५०० अधिक जीएसटी.

तर तारे. 'का?' बटणाला पाच. नियम स्वतः लिहू देण्याला चार, तेही भांडून मिळालं म्हणून एक कापला. अफवेच्या बेरजेला शून्य. नियम २२ ला अजूनही माझ्याकडून शिवी, कारण पाण्याची पाळी नसताना कुणी झाडू घेऊन अंगणात आलं तरी तो 'लांबट वस्तू' म्हणतोच. सरासरी काढायची तर तीन येतात. घ्यायची असेल त्यांनी आधी एक विचारावं: नियम बदलायचे पैसे किती, आणि ते लेखी द्या. कॅमेऱ्याची भिंगं नंतर बघा.

नूतनीकरणाचा चेक मी लिहून ठेवलाय, त्यांनी लावलेले १,७७० वगळून. परवा त्यांचा मेल आला की फरक भरल्याशिवाय नवीन वर्ष सुरू होणार नाही. बघू कोण आधी दमतं.

आज रात्री पाण्याची पाळी आहे. अक्कांनी फोन चार्जिंगला लावलाय का, तेवढं बघून येतो.