सेव्होफ्लुरेन हृदयशस्त्रक्रियेत: औषध चोख, कीर्ती जरा फुगलेली

हृदयशस्त्रक्रियेत भूल टिकवायला सेव्होफ्लुरेन (वायूरूपात द्यायचं भुलेचं औषध) चांगलंच आहे. पण 'हृदयाचं रक्षण करणारी भूल' हा त्याच्यावरचा शिक्का आम्ही निम्मे गुण कापूनच मान्य करू.

दाव्यामागे पाया आहे. १९८६ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात दिसलं, की हृदयाचा रक्तपुरवठा आधी पाच-पाच मिनिटं तोडून पुन्हा सुरू केला, तर नंतरच्या मोठ्या खंडात स्नायू कमी मरतो. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन हे वायू माइटोकॉन्ड्रियातल्या पोटॅशियम चॅनेलमार्फत बराचसा तोच परिणाम साधतात. (ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध हेच चॅनेल बंद करतं, म्हणून ते घेणाऱ्या मधुमेहींत फार आशा ठेवू नये.) छोट्या चाचण्यांत प्रोपोफॉलच्या (शिरेतून द्यायच्या भुलेच्या औषधाच्या) तुलनेत ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाल्याचं रक्तातलं चिन्ह, कमी आलं. मग २०१९ मध्ये मिरियाड चाचणीचे निकाल आले: नियोजित बायपासचे ५,४०० रुग्ण, १३ देश. वर्षभरातले मृत्यू वायूच्या गटात २.८ टक्के, शिरेतून भूल दिलेल्या गटात ३.०. म्हणजे फरक नाहीच. क्लॅम्प (महाधमनीवरचा चिमटा) किती वेळ राहिला आणि कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवणारं द्रावण) वेळेवर पोचला का, यावर हृदयाचं बरंवाईट जास्त ठरतं.

खरी परीक्षा पंपावर, म्हणजे हृदय-फुप्फुस यंत्रावर, होते. तिथे फुप्फुसं थांबलेली असतात, त्यामुळे व्हेपोरायझर (द्रव औषधाची वाफ करणारं उपकरण) ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन मिसळणारा) आणि ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन घालणारा) यांच्यामधल्या गॅसलाइनवर बसवावा लागतो. ऑक्सिजनेटरचं पटल सच्छिद्र पॉलिप्रोपिलीनचं असेल तर वायू रक्तात सहज उतरतो. पॉलिमिथिलपेंटीनचं असेल तर जवळजवळ उतरतच नाही: डायल दोन टक्क्यांवर, आणि रुग्ण मात्र जागा होण्याच्या बेतात. कंपनीचं पत्रक आधी वाचा, आणि असं पटल असेल तर सरळ प्रोपोफॉल चालवा.

व्हेपोरायझर भरताना डायल शून्यावर हवा आणि झाकण पक्कं बसायला हवं. ते सैल राहिलं तर ऑक्सिजन तिथूनच निसटतो आणि धमनीतल्या रक्ताचा रंग काळपट होतो. म्हणून ऑक्सिजन मापक व्हेपोरायझरच्या पुढे, ऑक्सिजनेटरच्या बाजूला लावा. द्रव औषध ऑक्सिजनेटरच्या पॉलिकार्बोनेट कवचावर सांडलं तर कवचाला तडा जाऊ शकतो, तेव्हा व्हेपोरायझर त्याच्या डोक्यावर टांगू नये. बाहेर पडणारा वायू ओढून घेण्याची सोय हवीच, पण ती नळी एक्झॉस्टवर घट्ट बसवू नका. ती तुंबली तर आतला दाब वाढून हवा रक्तात शिरू शकते. एक्झॉस्टला गॅस अॅनालायझर जोडला की पटल पार करून किती जातंय याचा अंदाज येतो.

पंपावर साधारण १ ते २ टक्के पुरतं. थंड केलेल्या शरीराला कमी लागतं. मात्र गरम करायला सुरुवात झाली की लगेच डायल वाढवा, ३६ अंशांची वाट पाहू नका; जाग येण्याचा धोका याच वेळी मोठा. बीआयएस (मेंदूच्या लहरींवरून भुलेची खोली सांगणारा आकडा) ४० ते ६० मध्ये ठेवा. रक्तदाब घसरला तर आधी भुलेची खोली तपासा. भूल बरोबर असेल, तर थोडं फिनाइलएफ्रिन (रक्तदाब वाढवणारं औषध) देणं डायल बंद करण्यापेक्षा बरं.

डेस्फ्लुरेन या दुसऱ्या वायूला तापवलेला वेगळा व्हेपोरायझर लागतो, आणि मात्रा झटक्यात वाढवली तर नाडी व दाब उसळतात. अरुंद झालेल्या कोरोनरीच्या (हृदयाच्या रक्तवाहिनीच्या) रुग्णाला हे परवडत नाही. आयसोफ्लुरेन पंपावर तितकंच सोयीचं आहे, फक्त भूल उतरायला जरा वेळ घेतं. मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा (भुलेच्या वायूंनी शरीराचं तापमान जीवघेणं वाढण्याच्या विकाराचा) नुसता संशय असला, तरी तिन्ही बाद.