साखर ‘बॉर्डरलाइन’ निघाली आणि घरातून ४१,८४९ रुपये गेले

नोंदणी ४९९. ‘बॉडी स्कॅन’ १,५००. पावडर आणि आहारतक्ता असं नव्वद दिवसांचं पॅकेज ३२,४००. शिबिरवाल्यांकडूनच घ्यावा लागलेला ग्लुकोमीटर २,८५०. ‘दुसऱ्या टप्प्या’चा पावडरीचा डबा ४,६००. एकूण ४१,८४९ रुपये. यातला एक पैसाही परत आलेला नाही, आणि पॅकेजमधल्या २४,४०० रुपयांचे हप्ते दादाच्या खात्यातून अजून कापले जात आहेत. हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. तरी लिहितो, कारण गोव्यात मधुमेह बरा करून देतो म्हणणारी अशी टेबलं गावोगाव मांडली जातात.

मोफत शिबिर, पांढरे कोट, ‘आज नाव नोंदवलं तरच सवलत’ हा सगळा खेळ सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसतं ते हे की त्यांना गिऱ्हाईक कोण हवं असतं. ज्याची साखर तीनशे आहे तो डॉक्टरकडेच जातो. ज्याची नव्वद आहे तो घाबरत नाही. त्यांना हवा असतो तो, ज्याचं निदान अर्धवट लटकलेलं आहे. आमच्या वहिनींचा रिपोर्ट नेमका तसाच होता: उपाशीपोटी ११२, एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.७, हिमोग्लोबिन ९.२.

आता हे आकडे नीट बघा. उपाशीपोटी १२६ किंवा वर, एचबीए१सी ६.५ किंवा वर, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा वर, ही मधुमेहाची रेषा. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत. दोन तपासण्या रेषेपलीकडे जाव्या लागतात. वहिनींची एक आत होती, एक बाहेर. शिवाय त्यांचं हिमोग्लोबिन कमी होतं, आणि अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटी वर दिसते. लाल पेशी जास्त दिवस टिकतात, तेवढी साखर त्यांना जास्त चिकटते. म्हणून डॉक्टर म्हणाले, आधी लोहाच्या गोळ्या घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण तीन महिने खायचं काय, चालायचं किती, भात सोडायचा की नाही, हे कोणी सांगितलं नाही. ‘मधुमेह आहे की नाही’ या प्रश्नावर माणसाला नव्वद दिवस नुसतं बसवून ठेवलं की तो हात-पाय हलवणारच. पॅकेजही नव्वद दिवसांचंच असतं, हे लक्षात घ्या. अशा माणसाचा आकडा पुढच्या तपासणीत बहुतेक वेळा आपोआपच थोडा खाली येतो, आणि श्रेय डब्याला मिळतं.

शिबिर देवस्थानच्या सभागृहात होतं. देवस्थान हॉल भाड्याने देतं, हमी देत नाही; पण बघणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. मागे भला मोठा बॅनर होता: गोव्यात मधुमेह २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. आकडा खरा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीतला आहे. त्यात देशाचा आकडा ११.४ टक्के होता. बॅनरवर खरा आकडा, बाजूला पंचायतीतली ओळखीची माणसं, हातात संदिग्ध रिपोर्ट. अशा वेळी विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरातला रिपोर्ट उघडून बघावा.

नोंदणीच्या टेबलावर सगळ्यांना कोकमचं सरबत दिलं. गोड, ग्लासभर. मग पाऊण तास भाषण, आणि मग बोट टोचून साखर: २१४. सरबतात साखर, सरबत हाताला लागलेलं, हात धुवायची सोय नाही, आणि टोचलं साखर सर्वांत वर चढलेली असते त्या वेळी. बोटाला सरबताचा किंवा आंब्याचा रस लागलेला असेल तर ग्लुकोमीटर पन्नास-शंभरनेही जास्त दाखवू शकतो. जेवणानंतर बोटातल्या रक्ताचा आकडा शिरेतल्या रक्तापेक्षा तसाही जास्त येतो. उत्तम प्रतीच्या मीटरलाही शंभरच्या वर पंधरा टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. ‘केव्हाही तपासा, दोनशेच्या वर म्हणजे मधुमेह’ हा नियम प्रयोगशाळेतल्या तपासणीला आहे, आणि तोही खूप तहान, सारखी लघवी, वजन घटणं अशी लक्षणं असलेल्यांसाठी. बोट टोचून मधुमेहाचं निदान होत नाही. कोणी केलं तर उठून घरी या.

स्कॅनबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही. हातात धातूची दांडी देतात, दीड मिनिटाने संगणकातून पानंच्या पानं छापून येतात. ‘स्वादुपिंडाची कार्यक्षमता ४१ टक्के’. तळहाताच्या घामावरून स्वादुपिंड मोजता येत नाही. इन्शुलिन किती बनतं हे बघायचं असेल तर सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी असते, ती डॉक्टर लिहून देतात.

संताप होतो तो पुढच्या गोष्टीचा. फेरतपासणीला त्यांनी सकाळी बोलावलं, ‘काही न खाता या’ असं बजावून. मीटरवर आलं १०९. टाळ्या वाजल्या, फोटो काढला, २१४ वरून १०९ असा फलक हातात दिला. इथे, अगदी इथे, कोणाच्या तरी डोक्यात यायला हवं होतं. पहिली साखर सरबतानंतरची, दुसरी उपाशीपोटीची. उपाशीपोटीची साखर डबा सुरू व्हायच्या आधीपासूनच ११२ होती, कागद घरात होता! ११२ चे १०९ झाले, म्हणजे काहीच झालं नाही. हॉलमध्ये शिकलेली माणसं होती, बँकेत काम केलेली, शाळेत गणित शिकवलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण सगळ्यांना तोच आकडा हवा होता. त्याच टाळ्यांत दुसऱ्या टप्प्याचे ४,६०० गेले. म्हणून सांगतो: उपाशीपोटीची तुलना उपाशीपोटीच्या आकड्याशीच, जेवणानंतरची जेवणानंतरच्याच, तीही त्याच मीटरवर किंवा त्याच प्रयोगशाळेत.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.१ आली आणि त्यांच्या माणसाने फोनवर ‘बघा मावशी, आमचं औषध!’ म्हटलं. हिमोग्लोबिन ९.२ वरून ११.८ झालं होतं. आकडा उतरवला तो बहुधा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या साध्या गोळ्यांनी.

पावडरीत काय होतं ते सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्यावर आरोप करत नाही. पण मधुमेहाच्या ‘वनस्पती’ पावडरींत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन ही साखर उतरवणारी डॉक्टरी औषधं मिसळल्याचं अनेकदा सापडलेलं आहे, आणि वहिनींना एकदा जेवणाआधी दरदरून घाम सुटला, हात थरथरले, मीटरवर ५८ आलं. शिबिरवाल्यांचं उत्तर होतं, ‘शरीर डिटॉक्स होतंय.’ सत्तरच्या खाली आकडा म्हणजे डिटॉक्स नव्हे. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आणि अशी कुठलीही पावडर पोटात असेल तर साखर वर आली म्हणून घरी थांबू नका. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम लांबतो, साखर पुन्हा कोसळते. डबा घेऊन इस्पितळात जा.

त्यांचा आहारतक्ता म्हणजे भात बंद, फळं बंद, नाश्त्याऐवजी पावडर. यातला एक तोटा कोणी सांगत नाही. ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीआधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं असतं, दिवसाला निदान दीडशे ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. भात तोडून गेलात तर आकडा खोटा वर येऊ शकतो आणि निदान आणखी गोंधळतं. तपासणी अशी: रात्रभर, किमान आठ तास उपाशी, पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज तीनशे मिलीलीटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं, दोन तास बसून राहायचं, हिंडायचं नाही. तक्ता सोडून वहिनींनी ही तपासणी नीट केली तेव्हा १५८ आलं. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. इतके दिवस हवं असलेलं उत्तर या एका तपासणीत मिळालं.

त्या पायरीवर जे करायचं त्याला डबा लागत नाही. ताटातला भात मोजा. तीस ग्रॅम कोरड्या तांदळात साधारण तेवीस ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, उकडा असो की सुरय (न उकडलेला). उकड्याने साखर थोडी हळू चढते, म्हणून दोन वाढपं घ्यायची परवानगी मिळत नाही. पेज मात्र सांभाळा. तांदूळ जितका शिजून मऊ होतो तितका लवकर पचतो. पेज घ्यायचीच तर थोडी, सोबत मूग किंवा अळसांदे (चवळीसारखं कडधान्य). पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, आरोग्याला चांगली म्हणतात, पण वर कोंडा भुरभुरलेला आणि आत मैदा असेल तर तो पावच. तराजूवर ठेवा, पन्नास ग्रॅम पावात सुमारे पंचवीस ग्रॅम कार्बोहायड्रेट धरा. माडाचा गूळ ही साखरच आहे. मानकुराद आंबा अर्धा खा, जेवणावर नको, मधल्या वेळी. हुमण, तळलेला बांगडा, तिसऱ्या यांनी साखर फारशी चढत नाही, त्यांच्याखालचा भात चढवतो. जेवून उठलात की दहा-पंधरा मिनिटं चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि वजन जास्त असेल तर पाच ते सात टक्के घट, यावर अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. भारतातल्या २००६ च्या अभ्यासातही आहार-व्यायामाने ते २८.५ टक्क्यांनी घटलं. हे फुकट आहे, म्हणून त्याचं शिबिर कोणी भरवत नाही.

मीटर असेलच तर साबणाने हात धुवून, पुसून, जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. एका दिवशी उकडा भात, दुसऱ्या दिवशी पोई. फरक लिहून ठेवा, तुमचा तक्ता त्यातूनच बनतो. पट्ट्यांची बाटली पावसाळ्यात उघडी ठेवू नका, दमटपणाने आकडे बिघडतात.

तक्रारीचं काय झालं ते सांगतो. ‘९० दिवसांत मधुमेहमुक्त’ असं छापलेलं पत्रक आमच्याकडे आहे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे. मधुमेह त्याच्या यादीत नावानिशी आहे. एका सरकारी टेबलावर सांगितलं, डब्यावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे, म्हणजे हे अन्न, आमचा विषय नाही. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, दावा औषधाचा आहे, तिकडे जा. पावडर तपासून द्या म्हटलं तर डबा उघडलेला आहे म्हणाले. अन्नसुरक्षा कायद्यात ग्राहकाला फी भरून तपासणी करून घेता येते, पण तसा इरादा विकत घेतानाच विक्रेत्याला कळवायचा असतो. म्हणजे फसण्याआधी फसवणाऱ्याला सांगायचं की मी तुला तपासणार आहे! पोलिसांनी सहीचा कागद वाचून दाखवला. बारीक अक्षरात ‘हा वैद्यकीय उपचार नाही, परिणाम व्यक्तीनुसार’. तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, सिव्हिल मॅटर, कोर्टात जा. कोणी अर्ज घेतला तर पोच दिली नाही, पोच मागितली तर साहेब बैठकीला गेलेले. चुलत्याच्या वयाच्या माणसाने एका दारातून दुसऱ्या दारात फिरायचं आणि प्रत्येक दारात ‘तुम्ही कसे काय फसलात?’ हे ऐकायचं. पत्रक, पावती, फोटो सगळं हातात आहे, गुन्हा कागदावर छापलेला आहे, आणि एकाही खुर्चीला तो आपला वाटत नाही. शिबिरवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच डब्यावर अन्न लिहितात, पत्रकावर औषध बोलतात आणि कागदावर दोन्ही नाकारतात.

हप्त्यांचं वेगळं. ‘बिनव्याजी हप्ता, फक्त ओटीपी सांगा’ म्हणजे तुमच्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज. विक्रेता पळाला तरी कर्ज राहतं. असं झालंच तर फोनवर आलेला करार त्याच रात्री उघडा. कर्ज मागे घेण्याची कूलिंग-ऑफ मुदत त्यात लिहिलेली असते आणि ती फार छोटी असते. आमच्याकडे तो कोणी उघडलाच नाही, कारण विकणाऱ्याने त्याचा उच्चारही केला नव्हता.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. ज्यांच्याकडे असा डबा अजून सीलबंद आहे त्यांनी तो उघडू नये. बॅच क्रमांक, परवान्याचा नंबर आणि पत्रक एकाच फोटोत येतील असे ठेवून फोटो काढा, पैसे यूपीआयने गेले असतील तर व्यवहार क्रमांक त्याच कागदावर लिहा, आणि पावतीवर ‘वेलनेस सेवा’ असं लिहून देत असतील तर पैसे देऊ नका. वस्तूचं नाव, वजन आणि किंमत लिहून मागा.