मुदतवाढीच्या पत्रात घातलेली अट

नागपूरच्या धरमपेठेत माझे चष्म्यांचे दुकान होते. ५ वर्षांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात (म्हणजे जागा फक्त वापरण्याच्या परवानगीच्या करारात) असे कलम होते की, मुदत संपण्याच्या किमान ३ महिने आधी मी लेखी कळवल्यास भाडे १० टक्क्यांनी वाढवून जागा आणखी ३ वर्षे माझ्याकडे राहील.

मी वेळेआधीच नोटीस द्यायला गेलो, तेव्हा जागामालक म्हणाले, "भाऊ, आपल्यात नोटीस कशाला? वाढ ५ टक्केच धरू. तसे पत्र द्या, मी मुलाला विचारून सही करतो." त्यांना मी काका म्हणत असे. त्यांनीच सांगितलेल्या शब्दांत मी लिहून दिले : "भाडेवाढ ५ टक्के आणि छताची दुरुस्ती मालकांकडे, या अटींवर मुदतवाढ हवी." मग कधी मुलगा पुण्याहून यायचा होता, कधी पितृपक्ष आडवा आला, कधी दिवाळी. लेखी उत्तर आले नाही आणि मीही ते मागितले नाही.

लेखी कळवण्याची मर्यादा उलटून आठवडा होतो न होतो तोच मालकांच्या वकिलाची नोटीस आली : करारातील हक्क मी वापरलाच नाही, माझे पत्र हा नवा प्रस्ताव होता, तो अमान्य असून मुदत संपताच जागा सोडावी. ती जागा दरम्यान दुप्पट भाड्याने दुसऱ्याला कबूल करून झाली होती, हे मला फार उशिरा कळले.

माझ्या वकिलांनी कागद वाचून सांगितले की, भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती निखळ आणि बिनशर्त असावी लागते, आणि भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचा हक्क ठरल्या वेळेतच वापरावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या खटल्यात फार पूर्वीच सांगितले आहे. शिवाय लिव्ह अँड लायसन्सवर धंद्याची जागा घेणाऱ्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे भाडेकरूला मिळणारे संरक्षण मिळत नाही. म्हणजे मला आधार होता तो त्या एकाच कलमाचा, आणि तो काकांच्या शब्दावर मी स्वतःच्या हाताने सोडला होता. तोंडी आश्वासनाला साक्षीदारही नव्हता.

आपल्या करारात असे कलम असेल, तर आधी मूळ अटींवरच बिनशर्त मुदतवाढ मागणारे पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. भाडे कमी करण्याची विनंती त्यानंतर, वेगळ्या कागदावर, "मुदतवाढीच्या हक्काला बाधा न येता" असे स्पष्ट लिहून करावी, आणि काही ठरलेच तर त्याचा दस्त नोंदवून घ्यावा. मी मागितलेली सूट ५ टक्क्यांची होती. दुकानाची सजावट, काचेची कपाटे आणि गिऱ्हाइकांना पाठ झालेला पत्ता मात्र तिथेच राहिला.