स्टेशनजवळचं मॅचिंग सेंटर: पाचपैकी साडेचार

कापड रंगवण्याच्या कारखान्यात मी तीस वर्षं शेड मॅचिंग केलं. त्यामुळे घरात कुणाला फॉल-अस्तर हवं असलं की पिशवी माझ्या हातात येते. या खेपेला सासूबाईंची जुनी पैठणी होती, रामा रंगाची. ब्लाउज पार विरलेला.

आधी एका मोठ्या एसी दुकानातून रॉ सिल्क आणलं. तिथल्या दिव्याखाली बेमालूम जुळलेलं. घरी गॅलरीत धरलं तर साडी हिरवट आणि पीस सरळ निळा! चूक माझीच, धंद्यात आयुष्य काढून फसलो. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच जातीच्या. दोन वेगळे डाय एका दिव्याखाली त्या तिघींना सारखेच चेतवू शकतात. दिवा बदलला की बिंग फुटतं. याला मेटामेरिझम म्हणतात. लॅबमध्ये म्हणूनच लाइट बॉक्स असतो, म्हणजे दिवे बदलून रंग तपासायची पेटी. त्यात दिवसाच्या उजेडासाठी डी-६५ नावाचा दिवा आणि दुकानातल्या ट्यूबसाठी टीएल-८४.

या मॅचिंग सेंटरात लाइट बॉक्स नाही, पायरी आहे. दुकान दहा बाय बारा, भिंतभर तागे. ताईंनी साडी हातात घेतली, सहा तागे काढले, चार तिथेच बाद केले आणि म्हणाल्या, "काका, बाहेर चला."

बाहेर त्यांनी साडी अंथरली नाही, स्वतःच्या खांद्यावर टाकली. धूपछाव साडी, उभा धागा निळा, आडवा हिरवा. आडवी धरली की वेगळी दिसते, नेसल्यावर वेगळी. मग पिसाची कड दुमडून थेट साडीला भिडवली. हे बघून मी खूश झालो. मध्ये बोटभर फट राहिली तरी शेजारचे रंग सारखे वाटू लागतात. कड भिडली की फरक लपत नाही.

दोन पीस उरले. मी डावा म्हटला. ताई म्हणाल्या, "नाही हो, तो पिवळा मारतोय." मला दिसेना. बायकोला बोलावलं, तिनेही उजवाच निवडला.

जरा लागलंच. नोकरीत आमची हंड्रेड ह्यू टेस्ट व्हायची, रंगाची नजर तपासणारी. नावात शंभर, रंगीत टोपणं मात्र ८५, चार ट्रेमध्ये. एकेका छटेने ओळीत लावायची. तेव्हा माझ्या चुका बोटावर मोजण्याइतक्या. आता सदुसष्टाव्या वर्षी डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय, निळा उजेड अडवतं, आणि मार बसतो तो नेमका निळ्या-हिरव्यात. त्यात रामा म्हणजे अवघड जागा: प्रकाशाच्या ४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास चांगल्या डोळ्याला एक-दोन नॅनोमीटरचा फरकही कळतो. लाल टोकाला एवढं चालून जातं, इथे लग्नातली प्रत्येक बाई पकडते.

रॉ सिल्क मीटरला ३२०, घासाघीस नाही. अर्धा गुण कापला तो अस्तरासाठी. पहिल्याच धुण्यात आटलं. कापलेला पीस परत घेत नाहीत, ते ठीक. संध्याकाळी सहानंतर गेलात तर ताई अस्तर, फॉल, हुक सगळं देतील, पण मॅचिंग करणार नाहीत. "उद्या दुपारी या" म्हणतील. एक गिऱ्हाईक त्यावरून माझ्यासमोर भांडून गेलं. सोमवारी बंद.